चारी बाजूंनी काळं

त्यांना सगळे पट्टीवाले म्हणत. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते वाचायला कुणाला सवड नव्हती. टीव्ही आणि डीव्हीडीचं त्यांचं लहानसं दुकान होतं. तिथं विकण्यापेक्षा दुरुस्तीचं काम जास्त आणि दुरुस्तीपेक्षा समजूत घालण्याचं काम त्याहून जास्त. फोन यायचे ते बहुतेक एकाच तक्रारीचे. "अहो, एवढा नवा टीव्ही घेतला, सिनेमा लावला तर वरखाली काळ्या पट्ट्या! एकदा येऊन काढून जा ना." की पट्टीवाले पिशवी खांद्याला अडकवून निघाले. एकदा एका नव्या कुरिअरवाल्यानं हे नाव ऐकून त्यांना कुठल्याशा कचेरीतला पट्टेवाला समजून साहेबांची चौकशी केली. "साहेब जेवायला गेलेत," असं गंभीरपणे सांगून त्यांनी पाकीट घेतलं आणि खाली आपलीच सही ठोकली.

पिशवीत वायरी, पेचकस आणि स्टीलच्या डब्याचं एक गोल झाकण असे. झाकण बघून लोक बुचकळ्यात पडत. पट्टीवाले सिनेमा पुढे पळवत आणि जिथं एखादं चाक, घड्याळ, ताटली असं काही गोल दिसेल तिथं थांबवत. मग झाकण पडद्यापाशी धरून एक डोळा मिटून बघत. चाक झाकणासारखं गोल असेल तर चित्र बरोबर. अंड्यासारखं असेल तर चित्राला कुणीतरी ताणलंय किंवा चेपलंय. त्यानंतर रंग. दुकानातून आलेला टीव्ही नेहमी भडक असतो, कारण दुकानात सगळे टीव्ही एका रांगेत उभे राहून एकमेकांवर ओरडत असतात. घरी ओरडायचं कारण नसतं. पट्टीवाले रंग उतरवत, उजेड उतरवत, कडा फार टोकदार केलेल्या असतील तर त्याही बोथट करत. माणूस माणसाच्या रंगाचा दिसायला लागला की थांबत.

राहता राहिल्या पट्ट्या. तिथं त्यांचं प्रवचन सुरू व्हायचं. सिनेमा काढलाय मोठ्या थिएटरसाठी, आडवा, ऐसपैस. आपला टीव्ही तेवढा आडवा नाही. सगळा सिनेमा आत मावायचा तर वर-खाली जागा उरणारच, तीच पट्टी. "पट्टी काही खात नाही हो तुमचं. पण पट्टी घालवायला चित्र मोठं केलंत ना, तर कडेची माणसं जातात. नायिका कुणाकडे बघून रडतेय तेच कळत नाही." जुन्या सिनेमाचं उलटं. तो चौकोनी, टीव्ही आडवा, म्हणून पट्ट्या दोन्ही अंगांना. त्या घालवायला चित्र ओढलं की सगळे लठ्ठ. लोक मान डोलवत, चहा पाजत आणि पट्टीवाले जिना उतरतात न उतरतात तोच रिमोटचं बटण दाबून पडदा काठोकाठ भरून घेत. एका बाईंनी तर तोंडावर सांगितलं, "तुम्ही गोल करून गेलात आणि आमच्या मालिकेतली सून वाळली. आधी कशी छान भरलेली दिसायची!" पालथ्या घड्यावर पाणी. पण पट्टीवाले चिडत नसत. जगात बहुतेकांना सगळं दिसण्यापेक्षा सगळं भरलेलं बरं वाटतं, असं त्यांचं मत होतं, आणि ते चुकीचं होतं असं मला तरी म्हणवत नाही.

त्यांच्या स्वतःच्या घरी मात्र असलं काही चालत नसे. घरी रविवारची दुपार होती.

ती दुपार म्हणजे त्या घराचं दैवत. जेवणं व्हायची, भांडी पालथी पडायची, मग बायको जाड निळा पडदा ओढायची. खोलीत पाण्याखाली असावं तसा उजेड व्हायचा. पडद्याच्या फटीतून एक बारीक तिरीप यायची आणि तिच्यात धुळीचे कण सावकाश फिरत राहायचे. दोघं सोफ्यावर शेजारी बसायची, ती डावीकडे, ते उजवीकडे, आणि बाहेरचं जग कुठंतरी लांब सायकलच्या घंटीएवढं उरायचं. लग्न झाल्यापासूनचा हा शिरस्ता होता. आधी थिएटरात, मग व्हिडिओ कॅसेटवर, मग डीव्हीडीवर. लेक लग्न होऊन गेली तरी त्यात खंड पडला नाही.

बायकोला सगळे बाई म्हणत, कारण त्या लहान मुलांच्या शाळेत शिकवत असत. फळ्याकडे तोंड करून लिहितानाही मागच्या बाकावर कोण कुणाची वेणी ओढतंय ते त्यांना कळायचं. सिनेमातही त्यांचं तेच. पट्टीवाले बघायचे चित्र, म्हणजे रंग, उजेड, सावली. बाई बघायच्या माणसं, तीही कडेची. नायक मधोमध गळा काढत असायचा आणि बाई म्हणायच्या, "त्या मोलकरणीकडे बघा, कोपऱ्यातल्या. तिला आधीपासून सगळं ठाऊक आहे." आणि शेवटी मोलकरणीला खरंच ठाऊक असायचं. "माझा अर्धा सिनेमा तुझ्यामुळं दिसतो," असं पट्टीवाले म्हणायचे, आणि ते लाडीगोडीचं बोलणं नव्हतं.

मग त्यांनी घरी मोठा टीव्ही आणला. चांगला आडवा, रुंद. सोफ्यासमोरची भिंत त्यानं जवळजवळ व्यापली. झाकण लावून, रंग उतरवून त्यांनी तो असा जुळवला की त्यांना स्वतःलाच आपल्या हाताचा अभिमान वाटला. आता पट्ट्या अगदी बारीक, कडेची सगळी माणसं आत. बाईंसाठीच आणला होता, दुसऱ्या कुणासाठी?

आणि बाईंचं सिनेमातलं लक्ष उडालं.

आधी आधी त्या विचित्र काहीतरी विचारायच्या. दोघे भाऊ घराच्या वाटणीवरून भांडतायत असा एक सिनेमा होता. थोरला डाव्या टोकाला दारात, धाकटा उजव्या टोकाला खिडकीपाशी. बाई मध्येच म्हणाल्या, "हा एकटाच का बडबडतोय?" पट्टीवाल्यांना वाटलं, थट्टा करतायत. पुढं धाकटा रडायला लागला तेव्हा म्हणाल्या, "कोण रडतंय?" पट्टीवाल्यांनी हसून सांगितलं. बाई हसल्या नाहीत. नंतरच्या रविवारी ऐन सिनेमात त्यांना कपाट आवरायचं आठवलं. त्याच्या नंतर शेजारणीकडे काम निघालं. मग डोकं दुखायला लागलं. पडदा ओढलेला, उजेड निळा, आणि सोफ्याची डावी बाजू रिकामी.

पट्टीवाल्यांना हे फार लागलं. रविवारची दुपार गेली तर आपल्या दोघांचं असं काय उरतं, हा विचार त्यांनी आजवर कधी केला नव्हता. आता तो दुकानात, रस्त्यात, दुसऱ्यांच्या दिवाणखान्यात झाकण हातात धरून उभे असताना येऊ लागला. दोष टीव्हीचा असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. त्यांना दुसरं येत होतं काय? उजेड आणखी उतरवला, मग वाढवला. चित्र ताणून पाहिलं, मोठं करून पाहिलं. ज्या पापावर त्यांनी गावभर प्रवचनं दिली तेही केलं. मोठ्या चित्राला तर बाई अगदीच कंटाळल्या. "अगं, बघून तरी घे, आज रंग किती मऊ आलेत!"

"तुमचा टीव्ही छानच आहे हो," बाई म्हणाल्या, "माझंच मन लागत नाही. वय झालं."

साप साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं. आणि खुणा काही कमी नव्हत्या. बाईंचा खांदा दाराच्या चौकटीवर आपटायचा. टीपॉयचा कोपरा गुडघ्याला लागायचा. समोर ठेवलेला चहाचा कप नीट उचलायच्या, पण शेजारचा पाण्याचा पेला हात लागून पडायचा. "घर लहान झालंय," असं म्हणून त्या फडकं आणायच्या. पट्टीवाल्यांनी टीपॉय हलवला. सोफाही मागं सरकवला असता, पण तो आधीच भिंतीला टेकलेला होता. दुसऱ्यांच्या घरातलं तिरकं चित्र दारातूनच ओळखणारा माणूस. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

एका रविवारी त्यांनी फार जुना, काळापांढरा, चौकोनी सिनेमा लावला. टीव्ही चौकोनी आकारावर केला, दोन्ही अंगांना रुंद काळ्या पट्ट्या सोडल्या आणि बसले. बाई सिनेमाभर उठल्या नाहीत. एकदोनदा हसल्याही. पट्टीवाल्यांना वाटलं, गाण्यांमुळं. जुनी गाणी आवडतातच त्यांना.

पुढच्या रविवारी घरचा डीव्हीडी प्लेअर रुसला, म्हणून त्यांनी दुकानातला उचलून आणला. तो दुकानात जुन्या, चौकोनी टीव्हीला जोडलेला असायचा, आणि अशा टीव्हीसाठी प्लेअरलाही सांगून ठेवावं लागतं की बाबा, समोर चौकोन आहे, आडवा सिनेमा वर-खाली पट्ट्या ठेवून त्यात बसव. ते सांगणं बदलायचं पट्टीवाले विसरले. आणि घरचा टीव्ही तर मागच्या रविवारपासून चौकोनावरच होता. प्लेअरनं वर-खाली काळं सोडलं, टीव्हीनं डावी-उजवीकडे काळं सोडलं. त्या भल्यामोठ्या पडद्याच्या मधोमध, चारी बाजूंनी काळं आणि आत पोस्टाच्या तिकिटासारखं इवलंसं चित्र!

त्या धंद्यात याच्याइतकी लाजिरवाणी चूक नाही. गिऱ्हाईकाकडे असं दिसलं की पट्टीवाले मनातल्या मनात कपाळावर हात मारत. सिनेमा तोच होता, दोन भावांचा. बाई येणार नाहीतच असं धरून त्यांनी हाताला लागला तो लावला होता. बाई फडक्याला हात पुसत दारात आल्या, थबकल्या, आणि येऊन आपल्या जागी बसल्या.

"थांब, नीट करतो," म्हणत पट्टीवाले रिमोट शोधायला उठले.

"राहू द्या."

"अगं, काय राहू द्या? एवढंसं दिसतंय."

"राहू द्या म्हणते ना. बसा खाली."

शाळेतला आवाज होता तो. पट्टीवाले बसले.

त्या एवढ्याशा चित्रात थोरला दारात उभा राहिला आणि वाटणीचं बोलू लागला. बाई पुढं झुकल्या नाहीत, डोळे बारीक केले नाहीत. पाठ टेकून अगदी निवांत बसल्या होत्या. आणि मग पूर्वीच्या आवाजात, जो पट्टीवाल्यांनी कितीतरी रविवारांत ऐकला नव्हता, म्हणाल्या, "धाकटा बघा. खिडकीपाशी. बाहेर बघतोय असं दाखवतोय, पण सगळं ऐकतोय तो." थोड्या वेळानं, "अगोबाई, हा होय रडत होता तेव्हा!"

पट्टीवाल्यांनी सिनेमा सोडून बाईंकडे पाहिलं. धाकटा भाऊ त्या दिवशीही तिथंच होता. भिंतभर टीव्हीवर, हातभर उंचीचा.

पडद्यावर नावं वर सरकू लागली तेव्हा त्यांनी विचारलं, "तुला कडेचं दिसत नाही का?"

बाई पदराशी चाळा करत राहिल्या. "मधलं चांगलं दिसतं हो. सुई ओवते मी अजून."

"कधीपासून?"

"काय माहीत. ते एकदम जात नाही. कुणीतरी पडदा ओढत आणतंय सावकाश, असं आहे. आणि तुम्ही एवढ्या हौसेनं तो टीव्ही आणलेला. काय सांगणार होते? मला नको म्हणून?"

ताकाला जाऊन भांडं लपवायची बाईंची रीत नव्हती. पण नवऱ्याची हौस मोडायची त्याहून नव्हती.

लेक आली, डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी तपासून झाल्यावर स्वतःचे दोन्ही तळहात डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना घोड्याच्या झापडांसारखे धरले आणि पट्टीवाल्यांना म्हणाल्या, "यांना एवढं दिसतं." मग हात आणखी जवळ आणून म्हणाल्या, "औषध घातलं नाही तर एवढं होईल. थेंब चुकवायचे नाहीत. गेलेलं परत येत नाही, आहे ते सांभाळायचं." आता कळलं ना, घोडं कुठं अडलं होतं? मोठ्या पडद्यावरचं चित्र बाईंच्या नजरेत मावतच नव्हतं. लहान झालं तेव्हा मावलं, अख्खं, दोन्ही भावांसकट.

त्या आठवड्यात पट्टीवाल्यांनी एक वेडेपणा केला. दुपारी बाई पडल्या असताना त्यांनी वर्तमानपत्राच्या दोन सुरळ्या केल्या, दोन डोळ्यांना लावल्या आणि घरभर फिरले. दाराची चौकट नाहीशी झाली होती. टीपॉय नव्हता. स्वतःचे पाय नव्हते. स्वयंपाकघर म्हणजे एक नळ, मग एक बरणी, मग पुन्हा अंधार. ते झोपलेल्या बायकोपाशी आले आणि बघत राहिले. एक भुवई, कपाळावरची बट, बस्स. तेवढी बट त्यांनी एवढ्या वर्षांत कधी इतकी नीट पाहिली नव्हती. बराच वेळ तिथं उभे राहिले. मग सुरळ्या काढल्या तर खोली एकदम सगळीकडून आत घुसली, आणि त्यांना रडू आलं.

रविवार पुन्हा लागला. पडदा ओढला जाई, निळा उजेड होई आणि मोठ्या पडद्याच्या मध्यावर ते तिकिटाएवढं चित्र तरंगू लागे. बाई परत मोलकरणी, ड्रायव्हर, दारामागचे पोरटे हुडकून काढू लागल्या. एकदा लेक आलेली होती. तिनं ते चित्र पाहिलं आणि हसत रिमोट उचलला. "बाबा! तुमच्याच घरी?" आईचं तिला ठाऊक होतं, पण सवय कुठं जाते? पट्टीवाल्यांनी तिचा हात धरला. "ते बरोबर आहे," म्हणाले. पट्ट्या काढायला जन्मभर लोकांचे जिने चढलेला माणूस! लेकीनं रिमोट ठेवला आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून तसाच सिनेमा बघितला.

असेच दिवस गेले. थेंब चुकले नाहीत. तरीही एका दुपारी, सिनेमा सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल, बाई म्हणाल्या, "अहो, हे चित्र अजून लहान होईल का?"

या प्रश्नाची पट्टीवाले मनातून वाट बघत होते आणि तो येऊ नये म्हणून हातही जोडत होते. "कमी झालं का गं आणखी?"

"नाही हो. आहे तेवढंच आहे."

"मग?"

सिनेमातली कुणी एक मुलगी सायकलवरून रस्ता ओलांडून गेली.

"चित्र बघितलं की तुम्ही दिसत नाही," बाई म्हणाल्या. "हसलात तर ऐकू येतं. तोंड दिसत नाही. मान वळवून तुमच्याकडे बघावं तर सिनेमा जातो. पूर्वी दोन्ही असायचं. म्हणून म्हटलं, चित्र आणखी लहान झालं, तर जागा होईल."

पट्टीवाले उठले. चपला घातल्या आणि भर दुपारी दुकान उघडलं. गल्ल्याशेजारी डिस्क तपासायला एक छोटासा टीव्ही असायचा, खोक्याएवढा, ज्याच्याकडे कुणी गिऱ्हाईक ढुंकून बघत नसे. तो काखेत मारून आणला. स्टुलावर ठेवला, सोफ्यापासून जितका लांब ठेवता येईल तितका, मोठ्या टीव्हीच्या पुढ्यात, आणि प्लेअर त्याला जोडून सिनेमा सायकलवाल्या मुलीपाशी आणून थांबवला. मग स्वयंपाकघरातली खुर्ची आणली आणि त्या टीव्हीला अगदी खेटून मांडली, सोफ्याकडे तोंड करून. बसले.

"थोडे इकडे," बाई म्हणाल्या. "अजून. वाका जरा. हां. तिथंच."

तिथून पट्टीवाल्यांना पडदा मुळीच दिसत नव्हता. रंग कसे आलेत, गोल ते गोल आहे का, काही कळायला मार्ग नव्हता. समोर फक्त बाई होत्या आणि त्यांच्या तोंडावर हलणारा उजेड. त्यांनी हात मागं नेऊन चाचपडत बटण दाबलं.

"लागलं का?" त्यांनी विचारलं.

"लागलं."

"काय दिसतंय?"

"मुलगी सायकलवरून चाललीय," बाई म्हणाल्या. "रस्त्यात कुणी नाही. आणि कडेला तुम्ही आहात."